तुरो-तुरो

फिलिपाइन्समधील साधी, स्वस्त खाणावळ. टागालोग भाषेत ‘तुरो’ म्हणजे बोट दाखवणे. समोर मांडलेल्या पदार्थांकडे बोट दाखवून गिऱ्हाईक हवे ते मागते, म्हणून हे नाव. अशा खाणावळीला ‘कारिंदेरिया’ असेही म्हणतात. या शब्दाचा संबंध ‘कारी’शी, म्हणजे आपल्या करीशी, जोडला जातो. १७६२ ते १७६४ या काळात मनिला ब्रिटिशांच्या ताब्यात होते. त्यांच्याबरोबर मद्रासहून आलेल्या शिपायांपैकी काही जण जवळच्या काइंता गावात राहिले आणि त्यांच्या रश्शावरून हा शब्द आला, असे सांगतात. कथा म्हणूनच ती घ्यावी.

मेनूकार्ड नसते, आणि नवख्याला तेच सोयीचे पडते. काउंटरवर अ‍ॅल्युमिनियमची पातेली नाहीतर काचेमागे ट्रे असतात. एकेक झाकण उचलून आत डोकावले तरी कोणी रागावत नाही. वाढणारी बाई ‘आते’ म्हणजे ताई, पुरुष असेल तर ‘कुया’ म्हणजे दादा. वाक्याच्या शेवटी आदरार्थी ‘पो’ लावला की झाले : ‘आते, इसांग कानिन पो’, म्हणजे ताई, एक भात द्या. भात वाटीने दाबून मूद पाडल्यासारखा ताटलीत उपडा होतो. त्याच्याशी खायचे ते ‘उलाम’. मराठीत त्याला कालवण हाच शब्द चपखल. पुष्कळ ठिकाणी हाडांचे कढत पाणी फुकट मिळते. ताटलीवर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवलेली दिसली तर दचकू नये, ती धुण्याचे श्रम वाचवण्यासाठी असते. चमचे-काटे अनेकदा गरम पाण्यात उभे ठेवलेले असतात.

पहिल्या खेपेस ‘अदोबो’ घ्यावा. नाव स्पॅनिश असले तरी व्हिनेगर, लसूण, मिरी, तमालपत्र आणि सोया सॉस यांत शिजवलेली ही कोंबडी किंवा डुक्कर चवीला अगदी तिथलीच. ‘सिनिगांग’ हे मांस, मासळी किंवा कोळंबीचे आंबट सूप. त्यात मुळा, वांगे, चवळीच्या शेंगा असतात, आणि आंबटपणा बहुधा चिंचेचा. आपल्या साराच्या ओळखीचा माणूस इथे लगेच रुळतो. ‘दिनुगुआन’ पाहून मात्र अनेक जण अडखळतात. ‘दुगो’ म्हणजे रक्त. डुकराच्या रक्तात शिजवलेले हे काळपट कालवण ‘पुतो’ या तांदळाच्या वाफवलेल्या गोडसर केकबरोबर खातात. गोव्यात जुन्या पद्धतीचे, रक्त घातलेले सोरपोतेल सान्नांबरोबर खाल्लेल्याला यात नवल वाटणार नाही. माडाच्या ताडीचे व्हिनेगरही दोन्हीकडे सारखेच.

या जेवणाचे खरे मर्म ‘सावसावान’मध्ये आहे. टेबलावर व्हिनेगर, सोया सॉस, ‘पातिस’ हे माशाचे खारट पाणी, ‘लाबुयो’ या बारीक तिखट मिरच्या आणि ‘कालामान्सी’ ही गोटीएवढी लिंबे असतात. त्यांतून ज्याने त्याने आपले मिश्रण करायचे. आचाऱ्याच्या हातच्या पदार्थात वरून काही घालणे हा त्याचा अपमान नव्हे. चव शेवटी खाणाऱ्यानेच पुरी करायची असते. ‘कारे-कारे’ हा शेंगदाण्याच्या दाट रश्श्यातला शेपटीच्या मांसाचा पदार्थ तर मुद्दाम अळणी ठेवतात. सोबत ‘बागोओंग’ असते. जवळ्यासारखी बारीक कोळंबी मीठ घालून आंबवली की ते तयार होते. ते चिमूटभर न घेताच कारे-कारेला सपक ठरवणारे नवखे बरेच.

जेवायला चमचा आणि काटा, सुरी सहसा नाही. उजव्या हातात चमचा, डाव्यातल्या काट्याने घास त्यात लोटायचा. हाताने जेवणे, ‘कामायान’, हीदेखील जुनी रीत आहे.

शाकाहाऱ्याने सावध राहावे. कारले, वांगी, भेंडी, भोपळ्याची ‘पिनाकबेत’ दिसायला निव्वळ भाजी, पण तिचा खारटपणा बागोओंगचा. शुक्रवारी बऱ्याच ठिकाणी मुगाचे ‘मुंगो’ शिजते. कॅथलिक लोक त्या दिवशी मांस टाळतात, त्यातून पडलेली ही सवय; तरी त्यातही सुकी मासळी असू शकते. आधी विचारावे.

मराठी माणसाची या जेवणाशी गाठ बहुधा जहाजावर किंवा आखातात पडते. दुबईच्या ‘सत्वा’ आणि ‘करामा’ या भागांत फिलिपिनो वस्ती मोठी, तशी त्यांची हॉटेलेही. तिथे बऱ्याच ठिकाणी डुकराऐवजी गोमांस किंवा कोंबडी असते, पण बोट दाखवून मागायची पद्धत तीच.