कोपरातली उसनी दोरी

बेसबॉलचा गोलंदाज, म्हणजे पिचर, बिली वॅगनर मुळात उजखुरा. लहानपणी त्याचा उजवा हात मोडला, बरा झाला आणि पुन्हा मोडला. हात प्लास्टरमध्ये आहे म्हणून पोरगं थोडंच गप्प बसणार? अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या डोंगराळ भागात राहणाऱ्या या मुलाने डाव्या हाताने भिंतीवर चेंडू मारायला सुरुवात केली. लिहायला उजवा आणि फेकायला डावा, ही वाटणी मग कायमचीच झाली. त्या शिकाऊ डाव्या हातातून पुढे ताशी १०० मैल, म्हणजे १६१ किलोमीटर वेगाने चेंडू सुटायचे. उंची म्हणाल तर पाच फूट दहा इंच. बेसबॉलच्या पिचरांमध्ये हा माणूस बुटकाच.

वॅगनर 'रिलीफ पिचर' होता, म्हणजे सलामीच्या पिचरच्या जागी मागाहून येणारा, त्यातही 'क्लोझर'. क्रिकेटवाल्यांसाठी सांगायचं तर शेवटची षटकं राखून ठेवलेला गोलंदाज. फरक इतकाच, की क्लोझर सहसा त्याआधी एकही चेंडू टाकत नाही. सामनाभर तो मैदानाच्या कडेला 'बुलपेन' नावाच्या कुंपणात बसून असतो. तिथला फोन वाजला की उठायचं, काही मिनिटांत अंग गरम करायचं, नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात जाऊन तीन फलंदाज बाद करायचे आणि निसटती आघाडी सांभाळून घरी जायचं. पंधरा-वीस चेंडूंचं काम, पण प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकायचा. गरज पडली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

२००८ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क मेट्सकडून खेळताना त्याचं डावं कोपर दुखायला लागलं. थोडी विश्रांती, मग सरावाला परत, पुन्हा कळ. सप्टेंबरमध्ये तपासणीचा निकाल आला: कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट फाटलंय आणि त्याच्या शेजारच्या स्नायूचा टेंडनही. वय ३७. पुढचा अख्खा मोसम गेला, असं संघाने जाहीर केलं. या वयात आणि या दुखापतीनंतर तो परत खेळेल, यावर पैज लावणारे फार नसावेत.

कोपराचं दुखणं म्हटलं की आपल्याकडे २००४ मधला सचिन आठवतो. त्या काळात चहाच्या टपरीवरसुद्धा 'टेनिस एल्बो'वर चर्चासत्रं झडत. पण ते दुखणं कोपराच्या बाहेरच्या बाजूचं, मनगट मागे वळवणाऱ्या स्नायूंच्या मुळाशी होणारं. पिचरचं दुखणं बरोबर उलट बाजूला असतं. तळहात आकाशाकडे करून हात सरळ धरा. कोपराच्या अंगाकडच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा बोटाला लागेल. त्या उंचवट्यापासून खालच्या हाडापर्यंत जाणारा एक चिवट, आखूड पट्टा असतो. हाडाला हाडाशी बांधतो तो पट्टा म्हणजे लिगामेंट. स्नायूला हाडाशी जोडते ती दोरी म्हणजे टेंडन. हा फरक लक्षात असू द्या, कारण पुढची सगळी गोष्ट या दोघांच्या अदलाबदलीची आहे.

कोपर म्हणजे मुख्यतः बिजागरी. दाराने उघडायचं आणि मिटायचं. पण उघडताना कुणी तेच दार आडवं खेचू लागलं तर बिजागरी कुरकुरते, स्क्रू ढिले होतात. पिचर नेमकं हेच करतो. चेंडू सोडण्याआधीच्या क्षणी त्याची छाती फलंदाजाकडे वळलेली असते, खांदा पुढे निघालेला असतो, आणि हाताचा पुढचा भाग चेंडूसकट मागेच पडलेला असतो. त्या ओढाताणीत कोपराची आतली बाजू फाकू पाहते. पुढच्याच क्षणी दंड खांद्यात सेकंदाला सुमारे ७००० अंश या वेगाने आत फिरतो. हा वेग टिकून राहिला असता तर हात सेकंदाला एकोणीस-वीस गिरक्या घेता. चेंडूचं वजन दीडशे ग्रॅमच्या आत असतं, म्हणजे चेंडू बिचारा निर्दोष. सगळा भार हाताने स्वतःला दिलेल्या वेगाचा.

या भाराचं मोजमाप झालेलं आहे. व्यावसायिक दर्जाच्या पिचरच्या कोपरावर साधारण ६४ न्यूटन-मीटर इतकं पिळवटणारं बल येतं. घरगुती भाषेत सांगायचं तर कोपरापासून वीतभराहून थोडं जास्त, ३० सेंटिमीटरवर २२ किलोचं पोतं लटकवावं आणि तेही कोपर ज्या दिशेने वळतच नाही त्या दिशेने, तसं. आता दुसरा आकडा बघा. मृतदेहांच्या कोपरांवर केलेल्या चाचण्यांत हे लिगामेंट ३२ ते ३४ न्यूटन-मीटरच्या आसपास तुटतं. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर पहिल्याच जोरदार चेंडूला ते तुटायला हवं.

तुटत नाही, कारण ते एकटं नसतं. मनगट दुमडणारे आणि हात पालथा करणारे स्नायू त्याच हाडाच्या उंचवट्यापासून निघतात आणि फेकताना ताठ होऊन बराचसा भार स्वतःवर घेतात. ते दमले की वाटा लिगामेंटकडे सरकतो. वॅगनरच्या बाबतीत ओझं वाहणारा आणि त्याचा मदतनीस दोघेही जायबंदी झाले होते.

क्रिकेटच्या गोलंदाजांना हे दुखणं क्वचितच होतं, कारण त्यांचा हात जवळपास सरळ असतो. कोपर १५ अंशांहून जास्त सरळ केलं तर चेंडू अवैध. त्यांचा भार कमरेवर जातो. बुमराहच्या पाठीने आपल्या सगळ्यांना ते शिकवलंच आहे. भालाफेकपटूंची गोष्ट मात्र पिचरांसारखी. या लिगामेंटच्या इजेचं वैद्यकीय वर्णन १९४६ मध्ये पहिल्यांदा झालं ते भालाफेकपटूंच्याच बाबतीत.

१९७४ पर्यंत ही इजा झाली की पिचरची कारकीर्द संपायची. 'हात मेला' एवढंच म्हणत. त्या वर्षी १७ जुलैला लॉस एंजेलिस डॉजर्सच्या टॉमी जॉनचं लिगामेंट ऐन सामन्यात तुटलं. मोसमात तो तोवर १३ सामने जिंकला होता आणि फक्त ३ हरला होता. संघाचे डॉक्टर फ्रँक जोब यांनी त्याला आधी कधी न केलेलं काहीतरी करून पाहायचं सुचवलं आणि सोबत स्पष्ट सांगितलं, की परत खेळण्याची शक्यता शंभरात एक. २५ सप्टेंबरला त्यांनी जॉनच्या उजव्या मनगटातला एक टेंडन काढून डाव्या कोपरात बसवला. हाडांना भोकं पाडायची, त्यातून टेंडन इंग्रजी आठच्या आकड्यासारखा ओवायचा आणि घट्ट करायचा. बाज विणणाऱ्याला ही शस्त्रक्रिया डॉक्टरांपेक्षा लवकर कळेल.

तो टेंडन बघायचा असेल तर अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आत दुमडा. मनगटाच्या मधोमध एक दोरी टरारून वर येते. पाल्मारिस लाँगस नावाच्या बारक्या स्नायूचा तो टेंडन. साधारण १५ टक्के लोकांच्या हातात तो नसतोच, आणि नसल्याने काही बिघडतही नाही. माझ्या उजव्या हाताला तो झकास दिसतो, डाव्याला नाही. हे कळल्यावर घरातल्या सगळ्यांची मनगटं तपासून झाली आणि सासूबाईंनी 'एवढंच काम उरलंय का' असं विचारलं. ज्याच्याकडे तो नसतो त्याच्या मांडीतला टेंडन घेतात.

जॉनची गाडी लगेच रुळावर आली नाही. कोपराच्या त्याच बाजूने एक मज्जातंतू जातो. कपाटाची कड नेमकी लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना, तोच. तो बिघडला आणि जॉनची बोटं आखडली. त्यासाठी वेगळी शस्त्रक्रिया करावी लागली. १९७५ चा मोसम कोरा गेला. १९७६ मध्ये तो परतला आणि १९८९ पर्यंत, वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत खेळत राहिला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे. तेव्हापासून या शस्त्रक्रियेला रुग्णाचंच नाव चिकटलं: टॉमी जॉन सर्जरी. डॉक्टरचं नव्हे, हे मला फार आवडतं.

पण शस्त्रक्रिया दोन तासांत संपते आणि परतायला वर्ष लागतं, ते का?

मनगटातून काढलेला टेंडन जागा बदलताना आपला रक्तपुरवठा मागे सोडून येतो. त्यातल्या पेशी बऱ्याच अंशी मरतात. उरतो तो तंतूंचा निर्जीव सांगाडा, घर सोडून गेलेल्या माणसांच्या वाड्यासारखा. मग आजूबाजूच्या भागातून बारीक रक्तवाहिन्या आत शिरतात, नव्या पेशी येऊन राहतात, जुने तंतू मोडून नवे विणतात. टेंडनला आयुष्यभर स्नायूने ओढलं की ओढलं जायची सवय. इथे त्याला दोन हाडं फाकू न देण्याची नोकरी. महिन्यामहिन्याने त्याची वीण त्या नव्या ताणानुसार बदलत जाते आणि तो लिगामेंटसारखा होत जातो. गुडघ्याच्या लिगामेंटवरच्या संशोधनातून हा प्रवास चांगला समजलाय. त्यातली अडचणीची गोष्ट अशी, की या काळात तो पट्टा आधी कमकुवत होतो आणि मगच बळकट. जुनं पाडायचं काम नवं बांधण्याच्या पुढे धावत असतं.

खेळाडूला हे आतून कळत नाही. टाके सुकलेले, सूज गेलेली, दंड पूर्वीपेक्षा पिळदार, दुखत तर काहीच नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यात पिचर म्हणतो, 'मी ठणठणीत आहे, पूर्ण जोराने टाकू द्या.' फिजिओचा अर्धा वेळ व्यायाम करवून घेण्यात जातो आणि अर्धा या माणसाला आवरण्यात. म्हणून सगळं वेळापत्रक फुटांत आणि महिन्यांत बांधलेलं असतं. आधी काही आठवडे कोपर आधाराच्या पट्ट्यात बांधलेलं, दर थोड्या दिवसांनी थोडं जास्त उघडायचं. मग मनगट, खांदा, पाठ, पाय. साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात पहिला चेंडू, तोही ४५ फुटांवरून, लहान भावाकडे टाकावा तसा. मग ६०, ९०, १२० फूट. आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास मैदानातल्या पिचरच्या मातीच्या उंचवट्यावर, आणि तिथेही सुरुवातीला फक्त सरळ चेंडू. त्यानंतर खरे फलंदाज, मग खालच्या श्रेणीचे सामने. मध्येच कोपर कुरकुरलं की दोन पायऱ्या खाली. एकूण १२ ते १८ महिने.

रिलीफ पिचरला यात एक सवलत मिळते. सलामीच्या पिचरला सामन्यात ९०-१०० चेंडू टाकण्याइतकी ताकद पुन्हा बांधावी लागते, याला वीस पुरतात. पण त्याची वेगळी परीक्षा असते: फोन वाजल्यावर झटपट तयार होणं, आणि काल टाकलेलं असताना आज पुन्हा टाकणं. नव्या पट्ट्याला हे झेपतं का, ते कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाही. टाकूनच बघावं लागतं.

हीच शस्त्रक्रिया करून घेतलेला वॅगनर २० ऑगस्ट २००९ ला परत उभा राहिला. शस्त्रक्रियेला वर्षही झालं नव्हतं. मेट्सने त्याला काही दिवसांतच बॉस्टन रेड सॉक्सला देऊन टाकलं. दोन्ही संघांत मिळून उरलेल्या मोसमात सोळा डावही पुरते झाले नाहीत, पण त्यात त्याने २६ फलंदाज स्ट्राइकआउट केले, म्हणजे चेंडू मैदानात मारूच न देता बाद केले. पुढच्या वर्षी तो अटलांटा ब्रेव्हजकडे गेला आणि ३८ व्या वर्षी कारकिर्दीतला जवळजवळ सर्वोत्तम मोसम खेळला: ३७ सेव्ह (आघाडी राखून संपवलेले सामने), ६९ डावांत १०४ स्ट्राइकआउट, आणि नऊ डावांमागे सरासरी दीडहून कमी धावा.

असे आकडे बघून एक घातक समज पसरलाय, की ही शस्त्रक्रिया केली की हात नव्यापेक्षा नवा होतो, वेग वाढतो. अमेरिकेत धडधाकट पोरांचे पालक डॉक्टरांकडे जाऊन तिची चौकशी करतात म्हणे! नवा पट्टा चेंडूला वेग देत नाही, तो फक्त कोपर फाकू देत नाही. वेग वाढलाच तर तो वर्षभर पाय, पाठ आणि खांद्यावर घेतलेल्या मेहनतीचा. आणि परत येणारे दहापैकी आठ असतील तर न येणारे दोन असतातच. वाराणसीजवळच्या खेड्यातून टीव्हीवरच्या एका स्पर्धेमुळे थेट अमेरिकेत पोचलेला रिंकू सिंग आठवा. मुळातला भालाफेकपटू, पिट्सबर्ग पायरेट्सच्या खालच्या संघांत डावखुरा रिलीफ पिचर. २०१२ नंतर दुखापतींनी त्याला मैदानावर परतू दिलं नाही. पुढे तो कुस्तीच्या रिंगणात गेला.

अशा इजा अलीकडे वाढल्यात, आणि त्याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये सरळ वेगवान चेंडूची सरासरी २००८ मध्ये ताशी ९१ मैलांच्या थोडी वर होती, २०२४ मध्ये ती ९४ च्या पुढे गेली. स्नायू व्यायामाने फुगवता येतात. लिगामेंट त्या गतीने बळकट होत नाही. पूर्वी सलामीचे पिचर दम राखून टाकत. आता तेही पहिल्या चेंडूपासून क्लोझरसारखे टाकतात.

वॅगनरने २०१० चा मोसम आपला शेवटचा असं आधीच सांगून ठेवलं होतं. त्या ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत बाद फेरीचा दुसरा सामना होता. हळूच खेळलेला एक चेंडू उचलायला तो उंचवट्यावरून धावला आणि बरगडीखालचा स्नायू धरून थांबला. तो पुन्हा मैदानात उतरला नाही. २०२५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या महान खेळाडूंच्या सन्मान-दालनात, त्याची निवड झाली, मतदानाच्या दहाव्या आणि शेवटच्या संधीला. त्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत दगा दिला तो कमरेच्या स्नायूने. डावं कोपर शेवटच्या चेंडूपर्यंत शाबूत होतं.