सोऱ्या, वनस्पती तूप आणि कोको: खानदेशातल्या चॉकलेट बिस्किटांची पार्श्वभूमी

दिवाळी जवळ आली की जळगाव, धुळे, चाळीसगाव, शहादा इथल्या घरांत चकली-करंजीच्या डब्यांशेजारी आता आणखी एक डबा दिसतो. त्यात गडद तपकिरी, कंगोऱ्यांच्या फुलांसारखी बिस्किटं असतात. एक टोक चॉकलेटमध्ये बुडवलेलं, वर पिस्त्याचे काप नाहीतर रंगीत साखरेचे दाणे. डिसेंबरात हीच बिस्किटं नवापूर आणि भुसावळच्या नाताळात दिसतात. हा पदार्थ मोबाइलवरचे व्हिडिओ बघून अलीकडे आला, असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. चॉकलेट नवं आहे, वर सजवायची पद्धतही नवी आहे. पण साच्यातून पीठ दाबून बिस्किट पाडणं आणि सणासाठी ते भट्टीवर भाजून आणणं खानदेशाच्या जुन्या अंगवळणी आहे.

युरोपातली बाजू आधी थोडक्यात सांगतो. जर्मनी, स्वीडन, नॉर्वे या देशांत नाताळच्या आधीचे चार आठवडे घरोघरी बिस्किटं भाजण्याचे असतात. त्यातला एक ठरलेला प्रकार म्हणजे लोणी, साखर, मैदा आणि अंड्याचं मऊ पीठ साच्यातून दाबून केलेली ‘स्प्रिट्झ’ बिस्किटं. जर्मन घरांत अजूनही पुष्कळदा मांस दळायच्या हातयंत्राला नक्षीची पट्टी लावून ती पाडतात. तिथून स्थलांतर करणाऱ्यांबरोबर हा प्रकार अमेरिकेत गेला. तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या नळकांड्याचे, चकत्या बदलता येणारे साचे कारखान्यात बनू लागले. आज आपल्याकडे ऑनलाइन मिळणारा ‘कुकी प्रेस’ हा त्याच वंशातला.

आपल्याकडे मात्र सोऱ्या होताच. पितळी नळकांडं, वर फिरवायचा दांडा, खाली शेवेची, पापडीची, गाठीची आणि चकलीची चकती. खानदेशात तो दिवाळीपुरता बाहेर निघत नाही. चैत्र-वैशाखात, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे कुरडयांची कामं निघतात. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, त्याचा चीक काढून शिजवायचा आणि तो गरम चीक सोऱ्यातून गोल गोल फिरवत कापडावर पाडायचा. दाब कमी पडला तर तार तुटते, चीक पातळ राहिला तर कुरडई पसरते. किती घट्ट पीठ किती जोराने दाबायचं याचं हे ज्ञान इथल्या बायकांच्या मनगटात आहे. चॉकलेट बिस्किटाला हेच लागतं. चकलीच्या चांदणीच्या चकतीतून कोकोचं पीठ दाबून बघा, विकतच्या साच्याइतकाच स्वच्छ कंगोरा येतो. मला तर तोच जास्त आवडतो, कारण पितळेला वजन असतं आणि दाब एकसारखा बसतो.

दुसरी जुनी गोष्ट म्हणजे बेकरीची भट्टी. घरी ओव्हन नव्हते तेव्हाही खानदेशात घरची बिस्किटं होत होती. मैदा, रवा, पिठीसाखर, तूप, वेलदोडा असं सगळं मोजून पिशवीत भरायचं आणि बेकरीत नंबर लावायचा. आजही दिवाळीच्या आधी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत हे चालू आहे. अनेक गावांत या भट्ट्या मुस्लिम कुटुंबांच्या आहेत आणि ईदेइतकाच दिवाळीचाही हंगाम त्यांना मोठा असतो. तुमच्या सामानाचं पीठ तुमच्यासमोर मळलं जातं. मजुरी किलोवर. नानकटाई हवी असेल तर हातावर गोळे वळतात. बिस्किटं हवी असतील तर तो गोळा हाताने फिरवायच्या यंत्रात जातो. यंत्राच्या तोंडाला दातेरी पट्टी असते. त्यातून लांबच लांब रेघारेघांची पट्टी बाहेर येते, पुढे बसलेला माणूस ती पत्र्यावर झेलतो आणि बोटभर लांबीचे तुकडे पाडत जातो. भरलेले पत्रे लांब दांड्याच्या फावड्याने विटांच्या भट्टीत सरकवले जातात. कुठला पत्रा कुणाचा हे कळावं म्हणून नावाची चिठ्ठी असते, तरी एखाद्या सणात शेजारणीची बिस्किटं आपल्या डब्यात येतातच! जर्मन घरातलं मांसाचं यंत्र आणि आपल्या भट्टीवरचं बिस्किटाचं यंत्र शेजारी ठेवलं तर कामात काही फरक दिसत नाही.

नानकटाईची वाट सुरतेकडून येते. सतराव्या शतकात डचांनी सुरतेत वखार घातली. त्यांच्या पाव-बिस्किटांची विद्या पुढे पारशी बेकरीवाल्यांकडे आली आणि फरामजी पेस्तनजी दोटीवाला यांचं नाव नानकटाईशी कायमचं जोडलं गेलं, असा इतिहास सुरतेत सांगतात. खानदेश सुरतेपासून लांब नव्हता. सुरत-बुऱ्हाणपूर हा मुघलकाळातला मोठा व्यापारी रस्ता नवापूर, नंदुरबारवरूनच जात होता. १९०० च्या सुमारास सुरतेहून नंदुरबार-अमळनेरकडे ताप्ती व्हॅली रेल्वे आली आणि अंतर आणखी कमी झालं. नवापूरचं स्टेशन तर आजही अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे.

आता तुपाकडे येऊ. या गोष्टीतला सगळ्यात खानदेशी भाग हाच आहे आणि त्याची आठवण फार कमी ठेवली जाते.

बिस्किट खुसखुशीत होतं ते स्निग्धांशामुळे. तुपाचं आवरण मैद्याच्या कणांवर बसलं की पिठात चिवटपणा धरत नाही. पण साजूक तूप महाग, आणि सणाला पाच-पाच किलो बिस्किटं करायची तर ते परवडत नव्हतं. पातळ तेलात निकेलच्या मदतीने हायड्रोजन मिसळून त्याचं घट्ट तूप करण्याची रीत जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मन यांनी १९०१ मध्ये शोधली. भारतात ‘डालडा’ १९३७ मध्ये बाजारात आला आणि काही वर्षांतच वनस्पती तुपाला तेच नाव पडलं. पुढे १९४५ मध्ये महंमद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी काढली. वनस्पती तूप आणि धुण्याचा साबण हा तिचा धंदा. तुपाचं नाव ‘सनफ्लॉवर’. हीच कंपनी पुढे विप्रो झाली. संगणकाच्या धंद्यातून जगभर पोचलेल्या या नावाची सुरुवात खानदेशातल्या तुपाच्या डब्यापासून आहे, आणि अमळनेरकरांनी त्या काळी घेतलेल्या शेअरांच्या कथा गावात अजून सांगितल्या जातात. मला मात्र त्या शेअरांपेक्षा डबा महत्त्वाचा वाटतो. वनस्पती तुपामुळे भट्टीवरची बिस्किटं सामान्य घराच्या आवाक्यात आली. तूप संपल्यावर त्याच चौकोनी पत्र्याच्या डब्यात बिस्किटंही भरली जात.

साच्याच्या दृष्टीनेही वनस्पती तूप सोयीचं होतं. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं, वनस्पती तूप त्याच्याही पुढे तग धरतं. खानदेशच्या उकाड्यात साच्यातून पडलेला कंगोरा भट्टीत जाईपर्यंत टिकायचा तो यामुळे. त्याची वाईट बाजूही सांगायलाच हवी. हायड्रोजन मिसळताना तयार होणारे ट्रान्स फॅट हृदयाला घातक ठरले, आणि जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात त्यांची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली गेली. आता घरी करणारे बहुतेक जण लोणी किंवा घरचं तूप वापरतात, ते चांगलंच आहे.

कोको या सगळ्यात शेवटी आला. कोकोच्या बीत निम्म्याहून जास्त चरबी असते. ॲम्स्टरडॅमच्या व्हान हाउटेन कुटुंबाने १८२८ मध्ये दाबयंत्राने ती चरबी काढून टाकायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि कोरडी कोको पावडर मिळाली. त्याच घरातल्या कोनराड यांनी ती क्षारात धुऊन घेण्याची रीत काढली, त्यामुळे आंबटपणा गेला आणि रंग गडद झाला. म्हणजे हे बिस्किट दोनदा दाबातून जातं, एकदा कोको आणि एकदा पीठ. भारतात कॅडबरी १९४८ मध्ये आली. केरळात कोकोची लागवड १९६० च्या दशकात वाढली. शेतकऱ्यांच्या सहकारी ‘कॅम्पको’ने १९८६ मध्ये कर्नाटकात पुत्तूरला चॉकलेटचा कारखाना काढला. खानदेशात मात्र चॉकलेटला उन्हाची अडचण होती. कोकोची चरबी ३४ अंशांच्या आसपास वितळते, आणि भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ अंश ओलांडतो. शेजारच्या मालेगाव तालुक्यातल्या रावळगावच्या गोळ्या उन्हात टिकायच्या, त्यामुळे मुलांच्या हातात त्याच असायच्या. सणाच्या ताटात चॉकलेट आधी आलं ते मिठाईवाल्याच्या दुरंगी बर्फीतून. बिस्किटात ते पुष्कळ नंतर उतरलं, घरात ओव्हन आला आणि किराणा दुकानात कोकोचं छोटं पाकीट मिळू लागलं तेव्हा.

इथे जुनी आणि नवी रीत एकमेकींशी भांडतात. नानकटाई पसरली पाहिजे, वर तडकली पाहिजे, म्हणून तिच्यात सोडा असतो. साच्याच्या बिस्किटाने मात्र जागचं हलता कामा नये. नानकटाईच्या पिठातच कोको घालून ते साच्यातून काढलं की भट्टीत फुलाची भाकरी होते, ती याच कारणाने. सोडा वगळायचा, रवा वगळायचा, कारण त्याने कंगोऱ्याची कड फाटते, आणि साखर पिठीच घ्यायची. कोको ओलावा ओढून घेतो, म्हणून २५० ग्रॅम मैद्यातला ३० ग्रॅम काढून तेवढाच कोको घालायचा. पत्र्याला तूप लावायचं नाही, तो गार ठेवायचा. पीठ पत्र्याला चिकटलं तरच साच्यापासून सुटतं. १७५ अंशांना दहा-बारा मिनिटं पुरतात. तपकिरी पिठाचा रंग बघून भाजणं कळत नाही. कड बोटाला घट्ट लागली आणि कोकोचा वास खोलीभर झाला की काढायचं. जैन, गुजराती आणि मारवाडी शेजार असलेल्या आपल्या गावांत अंडं न घालता चमचाभर दूध घालण्याची पद्धत रूढ झाली आहे, तिने चवीत काही उणं पडत नाही.

नाताळची बाजू खानदेशात दोन ठिकाणी ठळक आहे. भुसावळला १८६० च्या दशकात रेल्वे आली आणि तिच्याबरोबर अँग्लो-इंडियन आणि गोव्याची ख्रिस्ती कुटुंबं आली. नवापूर-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक आले. स्वीडनमध्ये जन्मलेल्या फ्रेडरिक फ्रान्सन यांनी १८९० मध्ये अमेरिकेत सुरू केलेलं हे मिशन, म्हणजे साच्याच्या बिस्किटांचा नाताळ असलेल्या देशांचंच. मराठी ख्रिस्ती घरांतला नाताळ मात्र करंजी, चकली, शंकरपाळ्यांचाही असतो. त्याच ताटात आता चॉकलेटची फुलं येऊन बसली आहेत, दिवाळीच्या ताटात बसली तशीच.

सजावटीत आपल्याकडची चारोळी, पिस्ता, टुटीफ्रुटी आधीपासून होती. नवीन आहे ते चॉकलेटमध्ये बुडवणं. खरं चॉकलेट वितळवून ठरावीक तापमानाला आणून घोटावं लागतं, नाहीतर वर पांढुरका थर येतो. म्हणून बचत गट आणि घरून विकणाऱ्या बायका कंपाउंड चॉकलेट वापरतात. त्यात कोकोच्या चरबीऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते, ते नुसतं वितळवलं की चालतं आणि ऑक्टोबरच्या उन्हातही धरून राहतं. चवीला ते खऱ्याच्या मागेच आहे. खानदेशात डिसेंबरची थंडी चांगली कडक पडते, त्यामुळे नाताळसाठी करणाऱ्यांनी खरं चॉकलेट घ्यायला हरकत नाही. फक्त तेव्हा लोणी रात्रीच बाहेर काढून ठेवावं लागतं, नाहीतर सकाळी सोऱ्याचा दांडा फिरत नाही.