स्टिरिओ ध्वनीचे मोनो रूपांतर (व्हिडिओ संपादन)

व्हिडिओच्या ध्वनिपट्टीतील डावी आणि उजवी वाहिनी एकत्र करून, किंवा त्यांतली एकच ठेवून, एकवाहिनी ध्वनी तयार करण्याची प्रक्रिया. व्याख्यान, मुलाखत, शिकवणीचा तास अशा एका आवाजाभोवती फिरणाऱ्या चित्रणात ती उपयोगी पडते.

मिसळायचे की निवडायचे, हे दोन्ही वाहिन्या हेडफोनवर वेगवेगळ्या ऐकल्याशिवाय ठरत नाही. नागपुरात वसंतराव देशपांडे सभागृहात किंवा रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहात व्याख्यान चित्रित केले आहे, असे समजू. वक्त्याचा कॉलर माइक डावीकडे आणि कॅमेऱ्याचा माइक उजवीकडे, अशी मांडणी अनेकदा असते. दोन्ही मिसळले की स्वच्छ आवाजात सभागृहाचा घुमारा आणि कुजबुज शिरते. शिवाय ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. १० मीटरवरच्या कॅमेऱ्यात तोच शब्द सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि बोलणे दुहेरी, पोकळ वाटते. येथे फक्त डावी वाहिनी घ्यावी.

याहून फसवा दोष केबलचा. मिक्सरचे बॅलन्स्ड आउटपुट (ज्यात एकच ध्वनी एका तारेवर सुलटा आणि दुसरीवर उलटा जातो) साध्या केबलने कॅमेऱ्याच्या स्टिरिओ माइक सॉकेटला जोडले, तर उजव्या वाहिनीत डावीचीच उलटी तरंग उतरते. हेडफोनवर बोलणे ऐकू येते, जरा विचित्र पसरलेले. मोनो केले की जवळजवळ गायब. एकच स्पीकर असलेल्या मोबाइलवरही हेच होते, म्हणून तक्रार बहुधा व्हिडिओ वाटून झाल्यावर येते. उपाय सोपा आहे: एक वाहिनी टाकून द्यावी किंवा तिची ध्रुवता (तरंगाची सुलट-उलट बाजू) उलटवून मग मिसळावे.

मिसळताना सहसा प्रत्येक वाहिनी निम्मी करून बेरीज करतात. निम्मे न करता बेरीज केली, तर दोन्हीकडे सारखा असलेला आवाज ६ डेसिबलने चढून फाटू शकतो. उलट एक बाजू रिकामी असेल, तर सरासरीमुळे आवाज ६ डेसिबलने उतरतो.

फाइल लहान होईल, ही अपेक्षा अर्धीच खरी. वेव्ह या न दाबलेल्या (अनकॉम्प्रेस्ड) स्वरूपात (४८ किलोहर्ट्‌झ, १६ बिट) तासाभराचा स्टिरिओ ध्वनी सुमारे ६९१ एमबी भरतो, मोनो त्याच्या निम्मा. एएसी या दाबलेल्या (कॉम्प्रेस्ड) स्वरूपात मात्र आकार बिटरेटवर, म्हणजे दर सेकंदाला वापरलेल्या बिटांवर, ठरतो: १२८ किलोबिट प्रतिसेकंदाने तासाला ५७.६ एमबी, मग वाहिनी एक असो वा दोन. मोनो केल्यावर बिटरेट ६४ वर आणला तरच निम्मी बचत होते. बोलण्याला तेवढा पुरतो. चित्रच १ मेगाबिट प्रतिसेकंदाने तासाला ४५० एमबी खात असेल, तर ही बचत किरकोळ.

हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये मिक्सडाउनच्या (वाहिन्या एकत्र करण्याच्या) यादीत मोनोबरोबर फक्त डावी वा फक्त उजवी वाहिनी घेण्याचीही सोय आहे, पण तो चित्रही नव्याने दाबतो. एफएफएमपेग या आज्ञा टाइप करून चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र जसेच्या तसे ठेवून केवळ ध्वनी बदलता येतो. निवडक वाहिनीसाठी त्यात 'पॅन' फिल्टर आहे. काम मूळ फाइलवरूनच करावे, कारण एएसी पुन्हा एएसीत दाबले की दर वेळी थोडा दर्जा जातो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत मिरवणूक, ढोलताशा, गाण्याची मैफल यांचे चित्रण स्टिरिओच ठेवावे. तिथे आवाज कुठल्या बाजूने येतो, यालाच अर्थ असतो.