लघुप्रदर्शने, मुद्राचित्रांची व छायाचित्रांची (विद्यापीठीय)

विद्यापीठाच्या कलादालनात, बहुधा एकाच खोलीत मावतील एवढी मोजकी मुद्राचित्रे किंवा छायाचित्रे एखाद्या सूत्राने निवडून ठरावीक मुदतीपुरती मांडण्याची पद्धत. मुद्राचित्र म्हणजे ठोकळा, पत्रा, शिळा किंवा जाळी यांवरून कागदावर छापून काढलेले चित्र. त्यात काष्ठठसा, लिनोकट (लिनोलियमवर कोरलेला ठसा), अम्लरेखन (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून केलेली छपाई), शिलामुद्रण (दगडावरून छपाई) व रेशीमजाल मुद्रण (जाळीतून शाई उतरवून छपाई) या प्रकारांचा समावेश होतो. विद्यार्थ्यांना कृती जवळून पाहता यावी, हा मुख्य हेतू असतो.

या पद्धतीचा उगम कोठे मानावा याबाबत मतभेद आहेत. पुष्कळ लेखक ऑक्सफर्ड येथील ॲशमोलियन संग्रहालयापासून (१६८३) आरंभ करतात. परंतु तेथील मूळ संग्रहात निसर्गवस्तू व नवलाईच्या वस्तू यांचाच भरणा होता. ऑक्सफर्डची कलादालने १८४५ च्या सुमारास स्वतंत्रपणे सुरू झाली आणि १९०८ मध्ये ती या संग्रहालयात विलीन करण्यात आली. अमेरिकी लेखकांचा कल येल विद्यापीठाच्या कलादालनाकडे (१८३२) असतो. ते आरंभापासून कलेसाठीच होते हे खरे. तथापि त्याची उभारणी अमेरिकी चित्रकार जॉन ट्रंबुल यांच्या रंगचित्रांभोवती झाली. तिसरे मत स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराच्या बाजूचे आहे. तेथील आमेरबाख घराण्याचा संग्रह १६६१ मध्ये शहर व विद्यापीठ यांनी मिळून विकत घेतला आणि १६७१ पासून तो लोकांना पाहता येऊ लागला. या संग्रहात रंगचित्रांपेक्षा रेखाचित्रे व मुद्राचित्रे यांची संख्या कितीतरी अधिक होती आणि कागदावरील कृती कपाटातून काढून थोड्याथोड्या दाखवण्याची रीत अशाच संग्रहांतून रुजली असावी. त्यामुळे प्रस्तुत विषयापुरते हे मत अधिक ग्राह्य वाटते. छायाचित्रांच्या बाबतीत अमेरिकी छायाचित्रकार ॲल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांनी १९०५ मध्ये न्यूयॉर्क येथे उघडलेली छोटी दालने महत्त्वाची आहेत. ती विद्यापीठाची नव्हती, परंतु दोन चित्रांत मोकळी जागा सोडून एका ओळीत मांडणी करण्याचा प्रघात रूढ होण्यास त्यांचा हातभार लागला. भारतात कलकत्ता विद्यापीठाचे आशुतोष संग्रहालय (१९३७) हे विद्यापीठीय संग्रहालयांतील अग्रणी होय. बडोद्याच्या ललित कला शाखेने (१९५०) मुद्राचित्रणाच्या अध्यापनाला मोठी चालना दिली.

मूळ मुद्राचित्र कोणते व प्रतिमुद्रण (दुसऱ्या चित्राची छापील नक्कल) कोणते, हा प्रश्न निवडीच्या वेळी हटकून उपस्थित होतो. १९६० मध्ये व्हिएन्ना येथे भरलेल्या कलावंतांच्या परिषदेने, चित्रकाराने स्वतः पत्रा, ठोकळा किंवा शिळा मुद्रणासाठी तयार केलेली असावी व प्रतीवर सही आणि क्रमांक असावा, अशी कसोटी सुचवली. ३/२५ या क्रमांकाचा अर्थ पंचवीस प्रतींपैकी तिसरी असा होतो; मात्र क्रमांक व छपाईचा क्रम नेहमी जुळतातच असे नाही. कलावंताने स्वतःसाठी राखलेल्या प्रती या गणनेबाहेर असतात. व्हिएन्नाची कसोटी काटेकोरपणे लावल्यास राजा रविवर्मा यांच्या मुद्रणालयातून (स्थापना १८९४) निघालेली देवादिकांची तैलशिलामुद्रित (तैलचित्रासारखी दिसणारी, शिळांवरून रंगीत छापलेली) चित्रे बाद ठरतात, कारण शिळांवरील काम कसबी कारागिरांचे होते. मराठी घरांतील देवघरे आणि बैठकीच्या खोल्या या चित्रांनी व्यापल्या होत्या हे ध्यानात घेता, शैक्षणिक प्रदर्शनातून ती वगळणे योग्य नव्हे.

महाराष्ट्रातील उदाहरण म्हणून कोल्हापूर घेता येईल; त्या परिसरात या विषयाची पार्श्वभूमी जुनी आहे. जवळच्या मिरजेत १८०५ मध्ये पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्‌गीता तांब्याच्या कोरीव पत्र्यांवरून छापली गेली. तिची दखल सामान्यतः ग्रंथमुद्रणाच्या इतिहासात घेतली जाते. परंतु धातूच्या पत्र्यावर अक्षरे उलटी कोरून कागदावर ठसा उमटवण्याचे ते कसब मुद्राचित्रकाराच्या कामाशी सख्खे नाते सांगते. पुढे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी कोल्हापुरातच चलच्चित्रणाचा कॅमेरा तयार केला व महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांसाठी भित्तिपत्रकेही रंगवली. कॅमेरा आणि छापील चित्र असे एकाच कलावंताच्या हाती आले. तरीही कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांच्यापासून चालत आलेल्या परंपरेत निसर्गचित्र व व्यक्तिचित्र यांचाच मान मोठा राहिला. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ मध्ये झाली. शहरात दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट व कलानिकेतन येथे कलाशिक्षण दिले जाते आणि दसरा चौकातील राजर्षी शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात प्रदर्शने भरतात.

प्रदर्शनाचा लहान आकार व अल्प मुदत यांचे कारण केवळ आर्थिक नसते. प्रकाशाने कागदाची व रंगद्रव्यांची होणारी हानी साचत जाते आणि भरून निघत नाही. म्हणून अशा कृतींवर सुमारे ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाशमापनाचे एकक) अधिक प्रकाश पडू न देण्याचा संकेत आहे. काही महिन्यांच्या मांडणीनंतर त्या दीर्घकाळ अंधारात ठेवतात. कोल्हापुरात याहून मोठी अडचण पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर या काळात हवेतील आर्द्रतेने कागद फुगतो, त्यावर बुरशी धरते, आणि जिलेटिनचा थर असलेली छायाचित्रे काचेला टेकली असल्यास तिला चिकटतात. ती सोडवताना प्रतिमाच सुटून येण्याचा धोका असतो. आम्लरहित पुठ्ठ्याची खिडकी कापून काच व चित्र यांत अंतर ठेवणे, चित्र डिंकाने न चिकटवता पातळ जपानी कागदाच्या बिजागऱ्यांवर टांगणे आणि दमट बाहेरभिंती टाळणे हे उपाय फारसे खर्चिक नाहीत. मौल्यवान जुन्या प्रतींसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ येथे सर्वांत सोयीचा ठरतो. पावसाळ्यात विद्यार्थ्यांची नवी कामे मांडणे इष्ट.