आई-लेकरू एकाच वाडग्यात: ओयाकोडोनची पार्श्वभूमी

जपानीत 'ओया' म्हणजे आईबाप, 'को' म्हणजे लेकरू, आणि 'डोन' हे 'डोंबुरी'चं आखूड रूप. डोंबुरी म्हणजे खोलगट वाडगा. कोंबडी आणि अंडं एकाच भातावर, म्हणून ओयाकोडोन. आपल्याला हे नाव ऐकून थोडं कसंतरीच होतं, जपानी माणसाला त्यात काहीच वाटत नाही. उलट त्यांनी गंमत आणखी पुढे नेलीय. कोंबडीऐवजी गाईचं किंवा डुकराचं मांस घातलं तर ते 'तानिनडोन', म्हणजे परक्यांचा वाडगा. आणि भातावर सामन मासा व त्याचीच गाबोळी आली, तर पुन्हा ओयाकोडोन!

आज हा जपानमधल्या घराघरांतला साधा जेवणाचा प्रकार आहे. पिढ्यान् पिढ्या चालत आला असेल असं वाटतं, पण तसं नाही. इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मूने शेतीच्या हंगामात गुरं, घोडे, कुत्री, माकडं आणि कोंबड्या खायला बंदी केली. कोंबडा पहाट झाल्याचं सांगतो, म्हणून तो यादीत आला असं म्हणतात. बंदी हंगामापुरती होती, नावड मात्र शतकानुशतकं टिकली. अंडं त्यामानाने लवकर सुटलं: १७८५ मध्ये अंड्याच्या शंभरेक पाककृती सांगणारं पुस्तक छापलं गेलं होतं.

त्याच काळात, १७६० साली, एदो शहरात (आजचं तोक्यो) यामादा कुटुंबाने कोंबडीचं खानावळवजा दुकान काढलं. ते पुढे 'तामाहिदे' या नावाने प्रसिद्ध झालं. तिथली खासियत होती शामो जातीच्या कोंबडीचा रस्सा. शामो ही मुळात झुंजीची कोंबडी, आणि हे नाव 'सयाम'वरून, म्हणजे आजच्या थायलंडवरून आलेलं. शेगडीवरचं भांडं मध्ये ठेवून सगळे त्यातून खात. शेवटी तळाशी आटलेला गोडसर-खारट रस उरला की काही गिऱ्हाइकं त्यात अंडं फोडायची आणि भातासोबत खायची.

१८९१ साली दुकानाच्या पाचव्या पिढीतल्या मालकाची बायको, यामादा तोकु हिने हाच प्रकार थेट भातावर घालून एका वाडग्यात दिला, असं तामाहिदेचं सांगणं आहे. पण तो दुकानात वाढायचा नाही! भातावर रस ओतून देणं प्रतिष्ठित दुकानाला शोभत नाही, अशी समजूत होती. वरण-भात कालवून खाणाऱ्या आपल्याला यात गैर काय तेच कळायचं नाही. म्हणून वाडगे बाहेर पोचवले जायचे, जवळच्या निहोनबाशीच्या मासळीबाजारात आणि सट्टाबाजारात. तिथल्या माणसांना बसून जेवायला सवड कुठली? एका हातात वाडगा, दुसऱ्या हातात काड्या, की काम भागलं.

'पहिलं कोणी केलं' या प्रश्नाला मात्र एक गाठ आहे. कोबे शहरातल्या एका दुकानाच्या १८८४ सालच्या जाहिरातीत ओयाको वाडग्याचा उल्लेख सापडतो, म्हणजे तोकुच्या सात वर्षं आधी. माझ्या मते दोन्ही खरं असू शकतं. उरलेल्या रशात अंडं आणि त्यावर भात, ही युक्ती कुणा एकालाच सुचावी इतकी अवघड नाही.

आजच्या ओयाकोडोनमध्ये कोंबडी-अंड्यासोबत असणारा कांदा तर आणखी नवखा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन वाणं होक्काइदो बेटावर लावली गेली, तेव्हा कुठे तिथे गोल कांद्याची शेती सुरू झाली. त्याआधी पातीचाच कांदा. तामाहिदेच्या वाडग्यात अजूनही कांदा नसतो, फक्त कोंबडी आणि अंडं. कोंबडीही बराच काळ महागच होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रॉयलर आली आणि मगच ओयाकोडोन रोजच्या स्वयंपाकात बसलं.

घरी करताना सगळा खेळ रसाचा आणि अंड्याचा. चार भाग दाशी, एक भाग सोया सॉस, एक भाग मिरिन (तांदळाची गोड, स्वयंपाकात वापरायची दारू). दाशी म्हणजे कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि कुप्याच्या जातीच्या, धुरी देऊन वाळवलेल्या माशाचा कीस यांचं पाणी. याच कोम्बूतून किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये 'उमामी' चवीचं, म्हणजे रश्शात लागणाऱ्या भरीव चवीचं, ग्लुटामेट वेगळं काढलं. रसात उभा चिरलेला कांदा आणि मांडीच्या मांसाचे तुकडे शिजवायचे. अंडं फेटायचं नाही, काड्यांनी पाच-सहा वेळा मोडायचं, पांढऱ्याचे पट्टे दिसत राहिले पाहिजेत. दोन तृतीयांश आधी, उरलेलं नंतर, मग झाकण.

जपानात दुसरं ओतलेलं अंडं अर्धवट ओलंच ठेवतात, कारण तिथल्या अंड्यांवरची तारीख कच्चं खाण्याच्या हिशोबाने छापलेली असते. आपल्याकडच्या अंड्यांना तो भरवसा नाही, तेव्हा मी झाकण आणखी मिनिटभर ठेवते. भात इंद्रायणीचा. बासमतीवर एकदा ओतून पाहिलं, सगळा रस तळाला गेला आणि वर कोरडी शितं उरली.

यासाठी तिकडे वेगळं छोटं पातेलं मिळतं, उथळ, वर उभा दांडा असलेलं. एका वेळी एकाच माणसाचं होतं त्यात. भातावर तिरकं धरून हलकं ओढलं, की अंड्याची चकती न मोडता सरकत वाडग्यात उतरते.