बेस गिटारचा पिकअप बदलण्याआधी: जागा, कॉइल आणि जोडणी

आपल्या बेस गिटारला नवा पिकअप, म्हणजे तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग, बसवून घेण्याचा विचार करणाऱ्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक तयार केले आहे. आमच्याकडे येणारी विचारणा बहुधा एखाद्या नावाची किंवा मॉडेलची असते. आवाज मात्र सर्वांत आधी पिकअप तारेच्या कोणत्या भागाखाली बसला आहे यावर ठरतो आणि त्यानंतर त्यातील कॉइल (तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या) एकमेकींशी कशा जोडल्या आहेत यावर. चुंबकाचा प्रकार आणि वेढ्यांची संख्या यांचा क्रमांक त्याच्याही पुढे लागतो. नवा पिकअप जुन्याच खाचेत बसणार असल्यामुळे या पहिल्या गोष्टीत काहीच फरक पडत नाही, हे खरेदीपूर्वी लक्षात असावे.

पिकअपमधील चुंबकामुळे वरची पोलादी तार स्वतःही किंचित चुंबकित होते. ती कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि तांब्याच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांमध्ये विद्युतदाब निर्माण होतो. (नायलॉनच्या तारा लावलेल्या बेसवर असा पिकअप निरुपयोगी ठरतो, तेथे ब्रिजखाली (तारा वाद्याच्या अंगावर जेथे टेकतात त्या भागाखाली) बसणारा पिएझो पिकअपच लागतो.) पिकअप तारेचे कंपन फक्त आपल्या वरच्या भागापुरतेच टिपतो. चार तारांच्या बेसवरील सर्वांत जाड ई तारेचा मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो आणि त्याच्या जोडीने ८२, १२४, १६५ हर्ट्झ अशी हार्मोनिक्सही, म्हणजे त्याच्या पटीतील वरचे स्वर, उमटतात. नेकच्या (तार बोटांनी दाबतो त्या दांड्याच्या) बाजूला तार मोठा झोका घेते, म्हणून तेथे मूळ स्वर भरघोस मिळतो. ब्रिजजवळ तो झोका अगदी लहान होतो आणि तुलनेने वरची हार्मोनिक्स पुढे येतात. नेककडचा पिकअप गोल व खोल आणि ब्रिजकडचा टोकदार व कोरडा वाटतो, याचे कारण एवढेच आहे. पिकअप अमुक मिलिमीटरवरच असावा, असा आग्रह काही वादक धरतात. तो खुल्या तारेपुरता समजण्यासारखा आहे, पण फ्रेट दाबताच तारेची लांबी बदलते आणि तिच्यावरील स्थिर बिंदूही सरकतात. त्यामुळे एक-दोन मिलिमीटरच्या फरकाला आम्ही फारसे महत्त्व देत नाही. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक मात्र कोणालाही ऐकू येतो.

फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ साली एका साध्या सिंगल कॉइल पिकअपसह बाजारात आला आणि १९५७ मध्ये त्याला आज ‘पी’ नावाने ओळखला जाणारा दुभंगलेला पिकअप मिळाला. यात दोन तारांसाठी एक आणि उरलेल्या दोन तारांसाठी दुसरी अशा दोन वेगळ्या कॉइल असतात. त्यांचे वेढे आणि चुंबकांचे ध्रुव एकमेकांच्या उलट असल्याने घरातील विजेच्या वायरिंगमधून येणारी ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण दोन्ही कॉइलमध्ये विरुद्ध दिशेने उमटून नाहीशी होते, तारांचा आवाज मात्र टिकतो. दोन्ही कॉइल एकसर जोडलेल्या असल्याने आवाज जोरकस आणि मधल्या पट्टीत भरलेला असतो. घरी एकट्याने वाजवताना तो काहीसा ओबडधोबड वाटतो व पुष्कळ ग्राहक त्याच कारणाने तो बदलायला निघतात. परंतु ड्रम आणि दोन गिटार सुरू असताना हाच आवाज आपली जागा सोडत नाही. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी आपला बेस एकदा इतर वाद्यांसोबत ऐकावा, अशी आमची विनंती आहे.

१९६० मध्ये आलेल्या जॅझ बेसवर दोन सडपातळ सिंगल कॉइल पिकअप असतात आणि ते एकमेकांना समांतर जोडलेले असतात. दोन्ही नॉब पूर्ण उघडले की दोन पिकअप तारेचे दोन वेगळे बिंदू एकाच वेळी टिपतात. काही हार्मोनिक्स त्या दोन बिंदूंवर परस्परविरुद्ध दिशेने हलत असल्यामुळे बऱ्याच अंशी एकमेकांना खोडून काढतात आणि मधली पट्टी थोडी पोकळ होते. अंगठ्याने तार आपटून आणि बोटाने ओढून वाजवणाऱ्यांना, म्हणजे स्लॅप वादकांना, हा पोकळपणा आवडतो. ब्रिजकडचा पिकअप पुढे ठेवला की बेसवादक जॅको पास्टोरियस यांच्या वादनातून परिचित झालेला नाकातला, बोलका स्वर मिळतो. आता याची दुसरी बाजू पाहू. उलट वेढ्यांच्या आधुनिक जोडीत दोन्ही पिकअप समान पातळीवर असतील तरच गुणगुण नाहीशी होते. एक नॉब थोडा कमी केला तरी ती परत येते. हा दोष दुरुस्तीचा नव्हे, रचनेचा आहे. तो खटकत असेल तर त्याच आकारात दोन कॉइल एकावर एक किंवा एकीशेजारी एक बसवलेले पिकअप मिळतात. त्यांचा वरचा झळाळ मूळ सिंगल कॉइलपेक्षा बहुधा किंचित कमी असतो, आणि मंचावरील दिवे व डिमर यांच्या सान्निध्यात वाजवणाऱ्यांनी ही तडजोड स्वीकारावी असे आमचे मत आहे.

मधे पी आणि ब्रिजजवळ ‘जे’ (जॅझ बेसचा सिंगल कॉइल पिकअप), अशी पी-जे रचना करून देण्याची मागणी आमच्याकडे वारंवार येते. कल्पना चांगली आहे, पण तिच्यात दोन अडचणी आहेत. पी पिकअप आपली गुणगुण स्वतःच मिटवतो, जे पिकअपला मात्र जोडीदार नसतो. त्यामुळे जे उघडताच गुणगुण सुरू होते आणि पी सोबत असला तरी ती पूर्ण जात नाही. शिवाय पी अधिक जोरकस असल्याने त्याच्यापुढे जे दबून जातो. म्हणून या रचनेत आम्ही गुणगुण मिटवणारा आणि थोडा जास्त जोराचा जे पिकअप सुचवतो.

म्युझिक मॅनचा स्टिंगरे १९७६ मध्ये आला. त्यावर ब्रिजच्या बाजूला मोठ्या चुंबकांचा एकच हंबकर, म्हणजे गुणगुण मिटवणारा दोन कॉइलचा पिकअप, होता, त्याच्या दोन कॉइल समांतर जोडलेल्या होत्या आणि वाद्यातच बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प (पिकअपचा संकेत वाढवणारा छोटा परिपथ) होता. हंबकरच्या बाबतीत जोडणीचा परिणाम फार स्पष्ट ऐकू येतो. त्याच दोन कॉइल एकसर जोडल्या तर जोर वाढतो, मधली पट्टी दाट होते आणि वरचा झळाळ उतरतो. समांतर जोडल्या तर आवाज थोडा हलका पण उघडा आणि चपळ होतो. दोन्ही प्रकारांत गुणगुण मिटलेलीच राहते, फक्त एकच कॉइल वापरल्यास ती परत येते. आपल्या हंबकरमधून चार वायर बाहेर आलेल्या असतील, तर नवा पिकअप घेण्याऐवजी तीन स्थितींचा एक स्विच बसवून पाहावा. आमच्याकडे आलेल्या कित्येक ग्राहकांचे समाधान तेवढ्यावरच झाले आहे. नेकला चिकटून बसवलेला मोठा हंबकर, जसा गिब्सनच्या ईबी-३ वर असतो, अतिशय जाड आणि धूसर आवाज देतो. तो ज्याला हवा त्याला हवाच असतो, पण सर्व प्रकारच्या कामासाठी आम्ही तो सुचवत नाही.

सोपबार हे नाव केवळ बाहेरच्या आवरणाचे आहे. आत सिंगल कॉइल, दुभंगलेली कॉइल किंवा हंबकर यांपैकी काहीही असू शकते, म्हणून सोपबारच्या आवाजाविषयी सरसकट विधान करता येत नाही.

ॲक्टिव्ह या शब्दानेही गोंधळ होतो. स्टिंगरेमध्ये पिकअप साधा असून बॅटरी फक्त प्रीॲम्पसाठी असते, तर ईएमजीसारख्या कंपन्यांच्या ॲक्टिव्ह पिकअपमध्ये छोटा ॲम्प्लिफायर पिकअपच्या आतच असतो. अशा पिकअपना २५ किलो-ओहमचे पॉट (नॉबखालील बदलता रोध) लागतात; साध्या पिकअपसाठीचे २५० किलो-ओहमचे पॉट तसेच ठेवले तर व्हॉल्यूम नॉब जवळजवळ चालू-बंद बटणासारखा वागू लागतो. दोन्ही प्रकारांत जॅकमध्ये केबल असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते, म्हणून वादन संपल्यावर केबल काढून ठेवावी.

बदलाचा निर्णय घेण्यापूर्वी पिकअपची उंची तपासून पाहावी. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअप व तार यांमध्ये दोन ते तीन मिलिमीटर अंतर आहे का ते पाहावे आणि जाड तारेकडे ते थोडे अधिक ठेवावे. पिकअप फार वर आला तर चुंबक तारेला ओढतात, स्वर थरथरतो आणि वरच्या फ्रेटवर सूर नीट लागत नाही. फार खाली गेला तर आवाज निर्जीव होतो, आणि ‘माझा पिकअप कमजोर आहे’ अशी तक्रार घेऊन आलेल्या वाद्यांमध्ये अनेकदा एवढाच दोष निघतो.

मागणी नोंदवताना जुन्या पिकअपच्या आवरणाची लांबी व रुंदी, खाचेची खोली आणि दोन्ही टोकांच्या तारांमधील अंतर मिलिमीटरमध्ये कळवावे. जॅझ बेसचे दोन्ही पिकअप वेगवेगळे मोजावेत, कारण पारंपरिक मापात ब्रिजकडचा पिकअप नेककडच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटरने लांब असतो, पण काही उत्पादक दोन्ही एकाच मापाचे बसवतात. पाच तारांच्या बेसची मापे उत्पादकागणिक बदलत असल्याने तेथे मापांसोबत वरून घेतलेले छायाचित्रही पाठवावे.