पार्श्वभूमी : रिपोर्टातले ‘डायरेक्ट’ बिलिरुबिन

इंदुरातल्या लॅबमधून एलएफटीचा (यकृताच्या कामाच्या रक्तचाचणीचा) रिपोर्ट आला की त्यात बिलिरुबिनच्या, म्हणजे तांबड्या पेशी मोडून तयार होणाऱ्या आणि पित्तातून बाहेर जाणाऱ्या पिवळ्या रंगद्रव्याच्या, तीन ओळी असतात : टोटल, डायरेक्ट, इनडायरेक्ट. मधली ओळ म्हणजे यकृताने प्रक्रिया केलेले बिलिरुबिन, असे घरचे लोक आणि पुष्कळदा फॅमिली डॉक्टरही धरून चालतात. हा अर्थ त्या आकड्याला मागाहून चिकटवला गेला आहे आणि तो पुरता बसत नाही.

पित्त रक्तातून नुसते गाळले जाते, ही समजूत एकोणिसाव्या शतकातच मागे पडली. प्राण्यांच्या पित्तनलिकेतला दाब पोर्टल शिरेतल्या (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेतल्या) दाबाहून जास्त भरला. म्हणजे यकृतपेशी स्वतःच्या ताकदीने पित्त बाहेर टाकत होत्या. पित्तक्षार यकृतपेशींमधल्या सूक्ष्मनलिकेत ढकलले जातात आणि परासरणाने पाणी त्यांच्यामागे येते, ही मांडणी १९५९ची. दिवसाला साधारण ६०० मिलि पित्त तयार होते. १९९० नंतर वाहक प्रथिने एकेक करून सापडली : रक्ताच्या बाजूने पित्तक्षार आत ओढणारे एनटीसीपी, नलिकेत ढकलणारे बीएसईपी, जोडलेले बिलिरुबिन (यकृताने ग्लुकुरोनिक आम्लाशी जोडून पाण्यात विरघळणारे केलेले) बाहेर काढणारे एमआरपी२.

‘डायरेक्ट’ हे नाव मात्र १९१६चे. सल्फानिलिक आम्ल, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम नायट्राइट यांचे डायझो रिएजंट सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरलेल्या द्रवात) घातले की अडथळ्याच्या, म्हणजे पित्ताची वाट तुंबून झालेल्या, काविळीत रंग लगेच येई. तांबड्या पेशी फुटून झालेल्या काविळीत तो अल्कोहोल घातल्यावरच येई. पहिली प्रतिक्रिया डायरेक्ट, दुसरी इनडायरेक्ट. नळीत काय दिसले, एवढीच ती नोंद होती. लगेच रंग देणारे बिलिरुबिन ग्लुकुरोनिक आम्लाशी जोडलेले असते, हे १९५६-५७ मध्ये कळले. जुनी नावे तेव्हाच काढून टाकायला हवी होती. ती राहिली, आणि रासायनिक प्रतिक्रियेचे नाव पदार्थाचे नाव होऊन बसले.

त्याचे परिणाम अजून भोगावे लागतात. डायरेक्ट ठरलेल्या वेळीच वाचावे लागते. उशीर झाला किंवा आम्ल कमी पडले, की न जोडलेले बिलिरुबिनही हळूहळू रंग देऊ लागते आणि आकडा फुगतो. इनडायरेक्ट तर मोजलेच जात नाही, ती टोटलमधून केलेली वजाबाकी असते, म्हणून डायरेक्टची चूक तिच्यातही उतरते. नमुना उजेडात राहिला तर बिलिरुबिन कमी भरते. रक्त घेताना पेशी फुटल्या तरी बहुतेक डायझो पद्धतींत तेच होते.

सगळ्यात मोठा गुंता डेल्टा बिलिरुबिनचा. ते १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळे ओळखले गेले. पित्तनलिकेत खडा अडकून जोडलेले बिलिरुबिन रक्तात साचले, की त्यातले काही अल्ब्युमिनला (रक्तातल्या एका प्रथिनाला) कायमचे चिकटते; तेच डेल्टा. मूत्रपिंडातून ते जात नाही. अल्ब्युमिनइतकेच, म्हणजे सुमारे तीन आठवड्यांच्या अर्धायुष्याने, ते ओसरते. डायझो चाचणीत त्याची गणना डायरेक्टमध्येच होते. म्हणून ईआरसीपीने (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिका मोकळी करण्याच्या प्रक्रियेने) खडा निघतो, लघवी स्वच्छ होते, अल्कलाइन फॉस्फटेज (पित्ताची वाट तुंबली की वाढणारे एन्झाइम) उतरू लागते, तरी डायरेक्ट आठवडेच्या आठवडे वर राहते. नलिका पुन्हा तुंबली, या धास्तीने नको असलेले स्कॅन होतात ते इथेच.

उलट बाजूला गिल्बर्ट सिंड्रोम आहे. यात बिलिरुबिन जोडणारे एन्झाइम कमी काम करते. हरतालिकेच्या निर्जळी उपवासानंतर अशा व्यक्तीचे डोळे पिवळसर दिसले, तर टोटल वाढलेले असते, डायरेक्टचा वाटा थोडाच असतो आणि रिपोर्टातल्या यकृताच्या इतर एन्झाइमचे आकडे नेहमीसारखे असतात. जेवण सुरू झाले की आकडा आपोआप उतरतो.

ड्राय स्लाइड पद्धतीत (कोरड्या पट्टीवर होणाऱ्या चाचणीत) जोडलेले आणि न जोडलेले बिलिरुबिन वेगवेगळे मोजता येते, आणि उरलेले ते डेल्टा. ही सोय नसेल तिथे लघवीतले बिलिरुबिन तपासावे. काविळीच्या रुग्णाच्या लघवीत ते दिसेनासे झाले आणि डायरेक्ट तरीही वर असले, तर तो आकडा मुख्यतः डेल्टाचा असतो.